दाब हाय

१

"गुन्हा त्यानं स्वतःच कबूल केलाय, मॅडम. अख्ख्या शिफ्टसमोर," प्रदीप मोहिते म्हणाले. "आता तुम्ही तपासणार काय?"

मोहिते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'तेजोमय कलर्स' या रंगाच्या कारखान्याचे प्लँट मॅनेजर. समोर बसलेली अर्चना संखे विमा कंपनीची तपासनीस. रसायनशास्त्रात एमएस्सी झाल्यावर तिला ही नोकरी लागली होती, आणि तिला पाहिल्यावर लोक हमखास विचारत, "तुमचे साहेब मागून येतायत का?" मोहित्यांनीही विचारलं होतं.

गेल्या आठवड्यात कारखान्यातल्या एका रिअॅक्टरमधला, म्हणजे द्रावण तापवायच्या बंद टाकीतला, दाब वाढत गेला, सुरक्षेची चकती फुटली आणि उकळतं द्रावण बाहेर उसळलं. खाली पिंपं सरकवणारा जिवल्या पाठीवर आणि खांद्यावर भाजला. त्या वेळी पॅनलच्या पडद्यासमोर सुका वरठा हा कामगार बसला होता. दाब फार वाढला की टाकी तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, ही त्याची जबाबदारी. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडाच राहिला.

"कबूल केलं म्हणजे नेमकं काय म्हणाला?"

"मी धावत गेलो, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरात 'दाब जास्त' असं लुकलुकत होतं. मी स्वतः पाहिलंय. मी ओरडलो, अरे, दिसत नाही का? तर म्हणतो, 'दाब हाय होता, मी वाचला.' हाय! आजकाल इंग्रजीत बोलतात हे लोक." मोहिते हसले. "वाचला, आणि बसून राहिला."

"तो पडदा बघू."

"तो कुठला आता? सगळा भिजून गेला होता. भंगारात दिला. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याच दिवशी नवा बसवला. तोच प्रोग्राम आहे. बघा ना."

अर्चनानं पाहिला. मोहित्यांनी यादीतले इशारे एकेक करून दाखवले. दाबाच्या इशाऱ्यापुढे स्वच्छ मराठीत 'जास्त' असंच लिहिलेलं होतं.

"मनीषभाई उद्या पोलिसांत तक्रार देतायत," मोहिते तिला दारापर्यंत सोडायला आले. मनीषभाई म्हणजे कारखान्याचे मालक. "सुकाचा निष्काळजीपणा. तुमचा अहवाल जोडला की विषय संपला."

अर्चना स्कूटरपाशी येऊन थांबली. हेल्मेट हातातच राहिलं. पडद्यावर 'जास्त' लिहिलेलं वाचून एखादा माणूस 'हाय' का म्हणेल?

२

सुकाचा पाडा पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी होता. सुका अंगणात वालाच्या वेलाला काठ्या लावत होता. अर्चनाला पाहून तो उभा राहिला, पण काठी खाली ठेवली नाही.

"पोलीस हाय का तुमी?"

"नाही. विम्याकडून आलेय. जिवल्याला कसं लागलं ते शोधतेय."

"माज्यामुळं लागला," सुका म्हणाला. "झाला शोधून."

घराच्या दारात त्याची बायको बायडी तांदूळ निवडत बसली होती. जिवल्या तिचा धाकटा भाऊ. सुकानंच त्याला कारखान्यात लावलं होतं. अपघातानंतर नवरा-बायकोत बोलणं नव्हतं, आणि सुका एकदाही इस्पितळात गेला नव्हता. "कंच्या तोंडाने जाऊ?" एवढंच तो म्हणाला.

"पडद्यावर काय लिहिलं होतं, सुकादादा?"

"दाब हाय."

"मग वाफ बंद का नाही केलीत?"

सुकानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू प्रश्नच खुळचट होता. "दाब हाय तर बंद कशाला करू? जुना ऑपरेटर गावाला गेला म्हनून साहेबाने मला पॅकिंगमदून त्या खुर्चीवर बसवला. बोलला, दाब नाय राह्यला तर माल बिघडतो, दाब आहे ना बघत जा. मी बघत होतो. दाब हाय, तां चांगलाच ना?"

अर्चनानं हळूच विचारलं, "'हाय' म्हणजे काय?"

"हाय म्हंजे हाय!" दारातून बायडी कडाडली. "डब्यात मीठ हाय, चुलीवर भात हाय, अंगनात हा बाबा हाय. शिकल्याली बाय ना तू?"

हाय, म्हणजे आहे. सुकानं मोहित्यांना जे सांगितलं, ती कबुली नव्हतीच. दाब होता, सगळं ठीक होतं, असं तो ओरडून सांगत होता. आणि ऐकणाऱ्यांनी त्याच वाक्यात इंग्रजी 'हाय' ऐकला.

"अक्षरं कशी होती? काढून दाखवाल?"

सुका सातवी शिकलेला. त्यानं काठीच्या टोकानं धुळीत एकेक अक्षर काढलं. दा. ब. हा. य.

"'जास्त' असं नव्हतं?"

"जास्त असता तर वाफ बंद केली नसती? येवडा म्हाईत हाय मला." मग त्याचा आवाज खाली गेला. "पन साहेब बोलतो जास्तच होता. ते कंपुटरवाले पन बोलतात. सगळीच बोलतात. मंग मीच वाईट वाचला असंल. माजे डोळ्यांनाच काय झाला असंल."

त्यानं ती अक्षरं पायानं पुसली. बायडीनं मान वर केली नाही.

एक तर या माणसाचे डोळे फसले होते, किंवा त्या पडद्याबद्दल कुणीतरी खोटं बोलत होतं.

३

कारखान्याचा प्रोग्राम पालघरच्या 'पाऊलवाट सॉफ्टवेअर'नं केला होता. दोन मजल्यांचं ऑफिस. वरच्या मजल्यावर पाटी होती 'अजाइल टीम'. खालच्या मजल्यावरच्या एका बंद दारावर पाटी होती 'डेव्हऑप्स'. अर्चना आधी वर गेली.

"हाय?" स्वाती पागधरे खुर्चीतून उठलीच. "ते 'हाय' मीच काढून टाकलंय! मी दांडीची, इथल्याच किनाऱ्यावरची. आमच्याकडे पण हाय म्हणजे आहे. कुणीतरी पूर्वी लो, नॉर्मल, हाय असं इंग्रजीच मराठी अक्षरांत लिहून ठेवलं होतं. मी कारखान्यांत फिरले, लोकांशी बोलले, आणि माझ्या लक्षात आलं की हा शब्द एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल."

"कसं बदललंत?"

"आमच्या पद्धतीनं. वर्षभर बसून भलंमोठं काही करायचं नाही. पंधरवड्यात जमेल तेवढं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, तो म्हणेल ते ऐकून पुढचं ठरवायचं. अजाइल म्हणजे तेच. ते बघा."

भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या होत्या, तीन रांगांत: 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. तिसऱ्या रांगेत एक पिवळी चिठ्ठी: 'हाय' काढून 'जास्त'.

"गिऱ्हाइकाला दाखवलंत?"

"नवरात्रात. मोहिते साहेब इथेच बसले होते, त्या खुर्चीत. माझ्या लॅपटॉपवर दाखवलं. चहा प्यायले, छान म्हणाले, गेले. त्यानंतर लोकांचं आणखी एक म्हणणं आलं. पडद्यावर सगळंच लुकलुकत असतं, त्यामुळे कुणी बघतच नाही. म्हणून पुढच्या फेरीत लुकलुकणं काढलं. आता दाब जास्त झाला की अख्खा पडदा लाल होतो, हलत नाही, आणि भोंगा वाजतो. दोन्ही बदल एकत्रच खाली दिले."

"आणि ते बोईसरला पोचले?"

स्वाती थबकली. "झालं आहे ना. चिठ्ठी 'झालं'मध्ये आहे."

"पोचलं का, असं विचारतेय."

"ते आमच्याकडे येत नाही. खाली विचारा." तिनं आवाज बारीक केला. "भाग्येशला विचारा. काही बिघडलं की गुपचूप जुनं परत चढवायची सवय आहे त्याला. आम्हाला सांगतही नाही."

४

डेव्हऑप्सच्या दारामागे एकच टेबल होतं आणि टेबलामागे एकच माणूस.

"या. हेच डेव्हऑप्स," भाग्येश सोनवणे म्हणाला. "मी जेवायला गेलो की डेव्हऑप्स बंद."

"वर म्हणतात, तुम्ही जुनं परत चढवता."

"म्हणणारच. त्यांचा शब्द बदलला की त्यांचं काम संपतं. माझं तिथे सुरू होतं." त्यानं डबा बाजूला सारला. "मॅडम, डेव्हऑप्स हे कुणाचं पद नसतं. बनवणारे आणि चालवणारे यांनी एकत्र बसायचं. बदल झाला की तो तपासून यंत्रापर्यंत जायला पाहिजे, आणि यंत्रावर काय चाललंय ते उलट वर यायला पाहिजे. नाहीतर वरच्यांचं ते पंधरवड्याचं गाणं या जिन्यावरच अडकतं. हे मी मालकांना सांगितलं. मालकांना पटलं. त्यांनी पाटी करून आणली."

"जुनं कधीच चढवलं नाहीत?"

"एकदा. दुसऱ्या कारखान्यात, आणि तेही गुपचूप. तेजोमयमध्ये नाही. तेजोमयला इंटरनेट जोडलेलं नाही, सुरक्षेसाठी. इथून मला तिथलं काही दिसत नाही. मी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः गेलो. मोहिते गेटवरच भेटले. म्हणाले, प्लँट चालू आहे, थांबवता येणार नाही, ठेवून जा, आमचा इलेक्ट्रिशियन बसवेल. आठवड्यानं मी फोन केला. म्हणाले, झालं."

"तुम्ही जाऊन पाहिलंत?"

"गिऱ्हाईक झालं म्हणतोय. नाही म्हणणारा मी कोण?"

"अपघातानंतर नवा पडदा मात्र तुम्हीच बसवलात. जुन्यावर काय होतं याचा पुरावा त्यातच गेला."

भाग्येशचा चेहरा उतरला. "मोहित्यांनी बोलावलं. लगेच या म्हणाले. मी गेलो तेव्हा जुनं मशीन जागेवर नव्हतंच." आणि मग एकदम चिडून, "तुम्हाला काय वाटतं, मी केलं हे?"

अर्चना बाहेर येऊन जिन्यापाशी थांबली. भाग्येशनं पेन ड्राइव्हमध्ये चुकून जुनंच भरून नेलं असेल, तर ते लपवायचं कारण त्याच्याकडे होतं. बदल बसवलाच नसेल, तर खोटं बोलायचं कारण मोहित्यांकडे होतं. दोघांपैकी कुणाच्याही हातात कागदाचा कपटा नव्हता आणि जुनं यंत्र भंगारात वितळलं असेल. बोललेले शब्द तेवढे शिल्लक होते.

तिनं मोहित्यांचं बोलणं मनात पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. आणि एका शब्दावर ती अडली. तिनं मनीषभाईंना फोन लावला. "तक्रार देण्याआधी सगळ्यांना प्लँटवर बोलवा. आत्ताच."

५

रिअॅक्टरच्या शेजारी, नव्या पडद्यासमोर पाच माणसं उभी होती. मनीषभाई घड्याळ बघत होते.

"मोहिते साहेब," अर्चना म्हणाली, "त्या दिवशी काय पाहिलंत, ते पुन्हा एकदा सांगा."

"किती वेळा? लाल अक्षरात 'दाब जास्त'. लुकलुकत होतं."

"लुकलुकत होतं, हे नक्की?"

"देवाशपथ."

"आणि भोंगा?"

"कसला भोंगा?"

अर्चनानं भाग्येशकडे पाहिलं. त्यानं चाचणीचं बटण दाबलं. पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल झाला, तसाच स्थिर राहिला, आणि भोंगा असा किंचाळला की मोहिते दचकले आणि मनीषभाईंनी कानांवर हात ठेवले. आवारातला वॉचमन धावत आला. भाग्येशनं भोंगा बंद केला.

"जुन्या प्रोग्राममध्ये शब्द होता 'हाय', आणि तो लुकलुकत असे," अर्चना म्हणाली. "नव्यात शब्द आहे 'जास्त'. तो लुकलुकत नाही, आणि हा भोंगा वाजतो. साहेब, तुम्ही सांगताय तसा, लुकलुकणारा 'जास्त' या कारखान्यात कधीच नव्हता. तो एकाच ठिकाणी होता. पालघरला वरच्या मजल्यावर, स्वातीच्या लॅपटॉपवर, त्या एका दुपारी. तुम्ही तो तिथे पाहिलात, आणि इथे पाहिला म्हणून सांगितलात."

मोहित्यांचं बोट भाग्येशकडे वळलं. "मग यानंच ते अर्धवट आणून दिलं असेल! मला काय कळतं त्यातलं?"

"अर्धवट, नुसता शब्द बदललेलं, खाली गेलंच नव्हतं," स्वाती म्हणाली. "ते फक्त माझ्या लॅपटॉपवर होतं."

"ही त्यांचीच बाजू घेणार!"

"ठीक आहे. तिचं सोडून देऊ," अर्चना म्हणाली. "अर्धवट आलं असतं, तरी त्यात शब्द 'जास्त'च असता. मग सुकानं 'हाय' कुठून वाचला? या शब्दावरून पालघरला कधी चर्चा झाली, हे त्याला माहीत नाही. बरं, खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवणारं खोटं बोलतो. सुकाच्या वाक्यानं तर तोच बुडाला. आणि 'दाब आहे' असं वाचलं असेल, तरच तो वाफ चालू ठेवून शांत बसून राहील. त्यानं वाचलं ते त्या पडद्यावर होतं. म्हणजे प्रोग्राम जुनाच होता."

"मग ह्याने पेन ड्राइव्हमध्ये जुनाच दिला असेल!"

"दिलाही असेल. मलाही ती शंका होती. पण मग बसवल्यावर तुम्हाला पडद्यावर 'हाय'च दिसलं असतं, आणि आज तुम्ही सरळ म्हणाला असता, यांनी जुनंच दिलं. तुम्ही तर 'जास्त' पाहिल्याची शपथ घेताय. बसवलेलं पाहिलेल्या माणसाला हा भोंगा माहीत असता. तुम्ही आत्ता दचकलात."

मनीषभाईंनी घड्याळावरची नजर काढली. "प्रदीपभाई?"

"ऑर्डर होती, शेठ," मोहिते म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात, दिवाळीपर्यंत एक तास पण प्लँट थांबता कामा नये. एका शब्दासाठी थांबवू? दिवाळीनंतर बसवायचंच होतं. मग राहून गेलं. ह्याचा फोन आला, तर म्हटलं... झालं म्हणून टाकलं."

"आणि सुकाला जेलमध्ये टाकायचं, ते पण टाकलं?" मनीषभाईंनी विचारलं.

त्यांनी फोन काढला आणि वकिलांना सांगितलं, तक्रार थांबवा, नाव बदलेल. मग ते थोडं बाजूला जाऊन त्या रिअॅक्टरकडे बघत उभे राहिले. प्लँट न थांबवण्याचा हुकूम कुणाचा होता, हे अर्चना अहवालात लिहिणार, हे त्यांना कळलं असावं.

गेटबाहेर भाग्येश आणि स्वाती एकमेकांपासून अंतर ठेवून चालत होते.

"तू म्हणालीस, मी जुनं चढवतो," भाग्येश म्हणाला.

"आणि तू कधी सांगितलंस, की तू गेटवरनं परत आलास?"

"तू कधी विचारलंस?"

स्वाती थांबली. "लोकांना विचारलं, त्यांचं ऐकलं, शब्द बदलला. मला वाटायचं, आपण किती शहाणे. ज्यानं वाचायचा त्याच्यासमोर तो शब्द आलाय का, हे बघायला मी एकदा रिक्षा करून आले नाही."

"बोईसरला रिक्षा नाही येत. ट्रेन घे," भाग्येश म्हणाला. आणि काही पावलं गेल्यावर, "सोमवारी माझं टेबल वर आणतो. जागा करून ठेव. आणि ह्या पडद्याचा खरा फोटो रोज आपल्याला आला पाहिजे, इंटरनेट असो नसो. बघू कसं करायचं ते. दोघांनी मिळून."

६

पाड्यावर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. अर्चनानं सगळं सांगितलं, घाई न करता, सुकाला कळेल तसं. तक्रार त्याच्यावर होणार नाही. पडद्यावर 'हाय'च होतं. तो शब्द बदलून तयार होता, तो त्याच्यापर्यंत येऊ दिला नाही.

सुकानं ऐकून घेतलं.

"मंग माजे डोळे बरे हायत?"

"हो. तुम्ही बरोबर वाचलंत."

बायडी घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर धुतलेलं लुगडं होतं आणि हातात नवऱ्याचा सदरा. तिनं तो त्याच्याकडे टाकला. "चल. घाल लवकर. गाडी चुकंल."

इस्पितळात जिवल्या पालथा झोपला होता. पाठ पट्ट्यांनी झाकलेली, मान दाराकडे. सुका दारातच अडकला.

"दाजी!" जिवल्याचाच आवाज आला, घोगरा आणि चिडका. "इतकी दिस कुठं मेला होतास? मोसंबी तरी आनली का?"

सुकानं रिकामे हात पुढे केले.

"तरी म्हनलं. या मानसाला बहीन दिली आमी," जिवल्या म्हणाला. "बरं, ये हितं. मानेपाशी खाजवतंय कवापासून. पट्टीच्या वर. नर्स हात लावत नाय."

सुका खाटेजवळ जाऊन उकिडवा बसला. जिथं कातडी धड होती, तिथं त्यानं बोटं टेकवली, फार हलकी.

"जरा जोरात," जिवल्या म्हणाला. "मरत नाय मी."